व्यस्त फल कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यस्त फलावर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, फक्त आकडे बदलतात. ते इथे एका जागी आणले आहेत. चलासाठी क्ष, येणाऱ्या किमतीसाठी य आणि फलासाठी फ वापरलं आहे. वहीत तुम्ही रोमन अक्षरं लिहीत असाल तर तीच लिहा. प्रांत म्हणजे फलात घालता येणाऱ्या किमती आणि विस्तार म्हणजे फलातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या किमती. हे दोन शब्द पुढे सारखे लागतील.

१. व्यस्त फल म्हणजे नेमकं काय?

फल एका किमतीवरून दुसऱ्या किमतीवर नेतं, आणि व्यस्त फल तिथून परत आणतं. फ(क्ष) = क्ष + ७ घेतलं तर ५ चे १२ होतात. १२ वरून पुन्हा ५ वर आणणारं फल म्हणजे फ⁻¹(क्ष) = क्ष − ७. व्याख्या एवढीच: फ(अ) = ब असेल तर फ⁻¹(ब) = अ. काही पुस्तकांत फलाला फलन म्हणतात, त्यामुळे व्यस्त फलन दिसलं तर गोंधळू नका.

यातूनच पुढची गोष्ट निघते. फ चा प्रांत हा फ⁻¹ चा विस्तार होतो आणि फ चा विस्तार हा फ⁻¹ चा प्रांत होतो. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि उत्तर लिहिताना विसरतात (प्र. ९ पाहा).

२. फ⁻¹ म्हणजे १/फ का नाही? वर तर उणे एक घात आहे.

तो घात नाही. वरच्याच फलात क्ष = ५ घाला: १/फ(५) म्हणजे १/१२, आणि फ⁻¹(५) म्हणजे ५ − ७ = −२. दोन्हींचा काही संबंध नाही. १/फ हा गुणाकार व्यस्त, फ⁻¹ हे व्यस्त फल. दोघांच्या नावात व्यस्त आहे, हे आपलं दुर्दैव.

हे चिन्ह जॉन हर्शेल यांनी १८१३ साली वापरलं. त्यांचा विचार सरळ होता. फ लागोपाठ दोनदा लावलं तर फ², तीनदा लावलं तर फ³, मग एक पाऊल मागे जायचं असेल तर फ⁻¹. त्यांच्या हिशोबाने साइन² म्हणजे साइनचा साइन व्हायला हवा होता. तो भाग लोकांनी स्वीकारला नाही, उणे एक मात्र घेतला. म्हणून आज साइन²क्ष हा वर्ग असतो आणि साइन⁻¹क्ष हे व्यस्त फल. विद्यार्थी इथे गोंधळतात तेव्हा चूक त्यांची कमी आणि चिन्हांची जास्त, असं माझं मत आहे.

३. साध्या फलाचं व्यस्त काढायच्या पायऱ्या सांगा.

फ(क्ष) = (३क्ष − ५)/४ घेऊ.

फलाला य म्हणा: य = (३क्ष − ५)/४
छेद काढा: ४य = ३क्ष − ५
क्ष एकटा करा: क्ष = (४य + ५)/३
अक्षर बदला: फ⁻¹(क्ष) = (४क्ष + ५)/३

पडताळा घ्या. फ(३) = (९ − ५)/४ = १, आणि फ⁻¹(१) = ९/३ = ३. परत ३ वर आलो.

सूत्राचा कर्ता बदलणं जमत असेल तर व्यस्त फल काढणं तुम्हाला आधीपासूनच येतं. वेगळी आहे ती फक्त शेवटची ओळ, आणि ती खरं तर लिहिण्याची पद्धत आहे.

४. क्ष आणि य ची अदलाबदल आधी करायची की शेवटी?

कधीही करा, उत्तर तेच येतं. आधी अदलाबदल केली तर य एकटा करायचा, शेवटी केली तर क्ष. मी शेवटी करतो. आधी केली की मधल्या ओळींमध्ये कोणता य मूळचा आणि कोणता बदललेला, याचा पत्ता राहत नाही.

अक्षरांना अर्थ असेल तर अदलाबदल करूच नका. सेल्सिअसवरून फॅरेनहाइट काढायचं सूत्र फॅ = (९/५)से + ३२ आहे. त्याचं व्यस्त से = (५/९)(फॅ − ३२), आणि ते इथेच संपलं. आता फॅ च्या जागी से लिहिलात तर फॅरेनहाइटच्या आकड्याला सेल्सिअस म्हटल्यासारखं होईल. अदलाबदल करतात ती एवढ्यासाठी की फ आणि फ⁻¹ दोन्हींत आत घालायच्या किमतीला एकच अक्षर असावं आणि दोन्ही आलेख एकाच अक्षांवर काढता यावेत. तिने फल उलटं होत नाही. ते काम क्ष एकटा करताना झालेलं असतं.

५. समीकरण न मांडता, नुसत्या क्रिया उलट्या करून चालेल का?

क्ष फलात एकदाच येत असेल तर छान चालेल. फक्त क्रमही उलटा हवा. मोजे घालून बूट घातले असतील तर आधी बूटच काढावे लागतात. २(क्ष + ३) मध्ये आधी ३ मिळवले, मग दुप्पट केली. परत येताना आधी निम्मं करा, मग ३ वजा करा: क्ष/२ − ३. इथे पुष्कळ जण (क्ष − ३)/२ लिहितात. त्यांनी क्रिया उलटवल्या, क्रम तोच ठेवला.

ही रीत फार जुनी आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात तिचा नियमच दिला आहे: गुणलं असेल तिथे भागा, भागलं असेल तिथे गुणा, मिळवलेलं वजा करा, वजा केलेलं मिळवा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तिच्यावर एक दमदार उदाहरण आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, आलेल्या संख्येत तिचाच ३/४ भाग मिळवला, ७ ने भागलं, आलेल्या भागाकारातून त्याचाच १/३ भाग वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं आणि २ उरले. संख्या कोणती?

समीकरण मांडायला गेलात तर पान भरेल. उलटे चला: २ × १० = २०, २० − ८ = १२, वर्ग १४४, १४४ + ५२ = १९६, वर्गमूळ १४. हे १४ म्हणजे आधीच्या संख्येचे २/३, म्हणून ती २१. २१ × ७ = १४७. हे १४७ म्हणजे आधीच्या संख्येची पावणेदोन पट, म्हणून ती ८४. ८४ ÷ ३ = २८. उत्तर २८.

या उत्तरात एक खाच आहे, ती प्र. ७ मध्ये उघडली आहे.

६. क्ष अंशात आणि छेदात, दोन्हीकडे असेल तर?

मग प्र. ५ ची रीत चालत नाही, कारण आधी कोणता क्ष सोडवायचा हेच ठरत नाही. समीकरणच मांडा. फ(क्ष) = (२क्ष + ३)/(क्ष − ४) घेऊ.

य(क्ष − ४) = २क्ष + ३
यक्ष − ४य = २क्ष + ३
यक्ष − २क्ष = ४य + ३
क्ष(य − २) = ४य + ३
क्ष = (४य + ३)/(य − २)

म्हणून फ⁻¹(क्ष) = (४क्ष + ३)/(क्ष − २).

खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे: क्ष असलेली सगळी पदं एका बाजूला, उरलेली दुसऱ्या बाजूला, आणि मग क्ष सामाईक. “माझ्या उत्तरात उजवीकडेही क्ष राहतोय” अशी तक्रार येते, तेव्हा हीच ओळ गाळलेली असते.

मूळ फलात क्ष = ४ चालत नाही, व्यस्तात क्ष = २ चालत नाही. याचा अर्थ मूळ फलाची किंमत २ कधीच येत नाही. २क्ष + ३ = २क्ष − ८ मांडून पाहा, ३ = −८ निघतं. विस्तार शोधायचा कंटाळा असेल तर व्यस्त काढा आणि त्याचा छेद कुठे शून्य होतो ते बघा.

आणखी एक. पुस्तकातलं उत्तर ४ + ११/(क्ष − २) असं असेल तर तुमचं चुकलं असं समजू नका. दोन्ही एकच आहेत. वेगळं दिसणारं उत्तर खोडण्याआधी दोन्हींत क्ष ची एखादी किंमत घालून बघावी.

७. प्रत्येक फलाला व्यस्त असतं का?

नाही. परत येताना एकच वाट हवी. फ(क्ष) = क्ष² मध्ये ३ चे ९ होतात आणि −३ चेही ९ च. मग ९ वरून कुठे परत जायचं? वेगळ्या किमतींना वेगळीच उत्तरं देणाऱ्या फलाला एकैक म्हणतात, आणि व्यस्त फक्त एकैक फलालाच असतं. (फल आच्छादकही हवं, असं पुस्तकात असतं, म्हणजे सहप्रांतातली, अर्थात उत्तरांसाठी ठरवलेल्या संचातली, प्रत्येक किंमत फलातून यायला हवी. सहप्रांत म्हणून विस्तारच घेतला की ती अट आपोआप पुरी होते.)

आलेखावर ओळखायचं तर आडव्या रेषा काढा. एकही आडवी रेषा आलेखाला एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदत नसेल तर फल एकैक. उभ्या रेषेची कसोटी वेगळी: मुळात ते फल आहे की नाही, एवढंच ती सांगते.

आता लीलावतीतल्या उदाहरणाची खाच. उलटे येताना आपण १९६ चं वर्गमूळ १४ घेतलं, पण मधली संख्या −१४ असती तरी वर्ग १९६ च आला असता. त्या वाटेने गेलात तर −२१, −१४७, −८४ आणि शेवटी −२८. सुरुवातीला −२८ घालून सगळ्या क्रिया करून पाहा, बरोबर २ उरतात. वर्गाची पायरी एकैक नाही, त्यामुळे वाट तिथे फुटते. संख्या धन हवी असं ठरवलं की मगच २८ हे एकमेव उत्तर राहतं.

“एकैक म्हणजे सतत वाढणारं किंवा सतत घटणारं” असंही लिहून येतं. सतत वाढणारं किंवा घटणारं फल एकैक असतंच, उलट मात्र नेहमी खरं नाही. १/क्ष एकैक आहे, पण संपूर्ण प्रांतावर ते घटत नाही: −१ ला किंमत −१ आणि १ ला किंमत १.

८. मग वर्गाच्या फलाचं व्यस्त काढायला सांगतात ते कसं?

प्रांत कापून. फ(क्ष) = क्ष² − ६क्ष + ११ घ्या आणि क्ष ≥ ३ अशी अट असू द्या. क्ष दोनदा येतो, म्हणून आधी पूर्ण वर्ग करा: फ(क्ष) = (क्ष − ३)² + २. आता क्ष एकदाच आला.

य − २ = (क्ष − ३)²
क्ष − ३ = ±√(य − २)

इथे ± तसंच ठेवून दिलं तर उत्तर फल राहत नाही. अट क्ष ≥ ३ आहे, म्हणजे क्ष − ३ ऋण नाही, म्हणून फक्त अधिक चिन्ह: फ⁻¹(क्ष) = ३ + √(क्ष − २), क्ष ≥ २. पडताळा: फ(५) = ६ आणि फ⁻¹(६) = ३ + २ = ५.

अट क्ष ≤ ३ असती तर ३ − √(क्ष − २) आलं असतं, आणि फ⁻¹(६) = १. सूत्र एकच, प्रांत वेगळा, व्यस्तही वेगळं. प्रश्नात अट दिलीच नसेल तर “फल एकैक नाही, व्यस्त अस्तित्वात नाही” हेच उत्तर. मनाने प्रांत कापू नका. कुठे कापावं हे पाहायचं असेल तर अन्वस्ताचा शिरोबिंदू बघा, इथे तो क्ष = ३ वर आहे.

९. वर्गमुळाचं व्यस्त तर सोपं असतं, तरी गुण का कापले?

बहुधा प्रांत लिहिला नाही म्हणून. फ(क्ष) = √(२क्ष + १) चं व्यस्त (क्ष² − १)/२ आहे, पण फक्त क्ष ≥ ० साठी. सूत्रात −३ घातलं तर ४ मिळतात. पण फ(४) = ३ आहे, −३ नव्हे. मूळ फलातून −३ कधी बाहेर पडलेच नाहीत, तर त्यांना परत कुठे न्यायचं?

मीही एका चाचणीत नेमके याच जागी गुण घालवले आहेत. उत्तर बरोबर असल्याचं मी हिरिरीने सांगितलं होतं, आणि नुसतं सूत्र बरोबर होतंही. तेव्हापासून सवय लागली: व्यस्ताच्या शेवटच्या ओळीत स्वल्पविराम देऊन अट लिहायची, मगच पेन खाली ठेवायचं.

१०. उत्तर बरोबर आलं का, हे कसं तपासायचं?

पूर्ण तपासणी म्हणजे फ(फ⁻¹(क्ष)) = क्ष आणि फ⁻¹(फ(क्ष)) = क्ष, दोन्ही दाखवायचं. एकच बाजू पुरत नाही. (√क्ष)² = क्ष हे ऋण नसलेल्या प्रत्येक क्ष ला खरं, पण √(क्ष²) म्हणजे क्ष चं केवलमूल्य. क्ष = −५ घाला, उत्तर ५ येतं.

घाईत असाल तर एक किंमत घालून पाहिली तरी बऱ्याच चुका सापडतात. मात्र १ घेऊ नका. फ(क्ष) = ३क्ष − २ चं व्यस्त कुणी १/(३क्ष − २) असं लिहिलं (प्र. २ ची चूक), तरी क्ष = १ ला दोन्हीकडे १ च येतो आणि चूक बिनबोभाट निसटते. ७ किंवा ११ सारखी आडवळणाची किंमत घ्या.

११. एखाद्या फलाचं व्यस्त ते स्वतःच असू शकतं का?

हो. १/क्ष हे एक, १० − क्ष हे दुसरं. (३क्ष + १)/(क्ष − ३) हेही तसंच: ४ चे १३ होतात, आणि १३ घातले तर ४०/१० = ४.

हे ओळखायला एक सूत्र उपयोगी पडतं. (अ·क्ष + ब)/(क·क्ष + ड) चं व्यस्त (ड·क्ष − ब)/(अ − क·क्ष) असतं. (मधलं टिंब मुद्दाम दिलंय, नाहीतर अक्ष आणि कक्ष वाचलं जाईल.) ड = −अ असेल तर व्यस्त आणि मूळ एकच निघतात. हे सूत्र पाठ करायच्या फंदात पडू नका. प्र. ६ च्या चार ओळी लिहायला तेवढाच वेळ लागतो. एक अपवाद लक्षात ठेवा: अ·ड = ब·क असेल तर व्यस्तच नसतं. (२क्ष + ६)/(क्ष + ३) पाहा, वरून भारदस्त दिसतं, पण ते सगळीकडे २ च आहे.

१२. दोन तुकड्यांत दिलेल्या फलाचं व्यस्त कसं काढू?

प्रत्येक तुकड्याचं वेगळं काढा, पण आधी दोन्ही तुकड्यांचे विस्तार एकमेकांवर येत नाहीत ना ते बघा. क्ष < ० ला ३क्ष आणि क्ष ≥ ० ला क्ष² असेल तर पहिल्यातून फक्त ऋण किमती येतात, दुसऱ्यातून एकही नाही. व्यस्त: क्ष < ० ला क्ष/३, क्ष ≥ ० ला √क्ष.

पण क्ष < ० ला क्ष + ४ आणि क्ष ≥ ० ला २क्ष असेल तर दोन्ही तुकडे आपापले एकैक असूनही अख्खं फल तसं नाही. −१ लाही ३ आणि १.५ लाही ३.

१३. फ आणि फ⁻¹ चे आलेख य = क्ष या रेषेवरच छेदतात ना?

दोन्ही आलेख त्या रेषेत एकमेकांचं प्रतिबिंब असतात हे खरं (दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घेतलं तरच तसं दिसतं). पण छेदबिंदू रेषेवरच असतील असं नाही. फ(क्ष) = −क्ष³ चं व्यस्त −∛क्ष आहे. दोन्ही आलेख (०, ०) मध्ये भेटतात, आणि (१, −१) व (−१, १) मध्येही. शेवटचे दोन बिंदू त्या रेषेवर नाहीत.

फल सतत वाढणारं असेल तर छेदबिंदू रेषेवरच असतात. म्हणून तिथे फ(क्ष) = फ⁻¹(क्ष) ऐवजी फ(क्ष) = क्ष सोडवला तरी चालतं. तापमानाचं सूत्र (प्र. ४) वाढणारं आहे, आणि त्याचा हा बिंदू −४० वर येतो. तिथे दोन्ही मापांचा आकडा एकच असतो.

१४. फल एकैक आहे, पण क्ष एकटा होतच नाही. माझं काय चुकतंय?

काहीच चुकत नसेल. फ(क्ष) = क्ष⁵ + क्ष घ्या. सतत वाढणारं फल आहे, म्हणजे व्यस्त नक्की आहे. पण य = क्ष⁵ + क्ष मधून क्ष काढायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं एवढ्यांवर लिहिता येईल असं सूत्रच नाही. पाचव्या घाताच्या समीकरणाला असं सर्वसाधारण सूत्र असू शकत नाही, हे नील्स आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलं.

तरीही परीक्षेत “फ⁻¹(३४) काढा” असं विचारतात. तिथे सूत्राच्या मागे लागू नका. कोणत्या क्ष ला क्ष⁵ + क्ष = ३४ होतं, एवढाच तो प्रश्न आहे. १ ला २ येतात, २ ला ३२ + २. उत्तर २, आणि फल एकैक असल्याने दुसरं उत्तर शोधायची गरज नाही.